लाइट गेली तिथून पुढं

तेलगावात भिवराबाईंच्या हातचा चहा कुणी पीत नाही. तोंडावर नाही म्हणत नाहीत, गाव तेवढं सभ्य आहे. "आत्ताच घेतला, भिवरा," म्हणतात आणि पायऱ्या उतरतात. अडतीस वर्षं सगळ्या गावानं चहा आत्ताच घेतलेला आहे. पुतण्या आदिनाथच्या लग्नात त्यांनी तीन दिवस गहू निवडले, पण चुलीकडं वळल्या की कुणीतरी हात धरून खाली बसवायचं, "तू कावून उठती, बस की." अगदी प्रेमानं, बरं का.

आणि हे सगळं टीव्हीवरच्या एका गोष्टीपायी.

त्या काळी गावात टीव्ही एकच, मोहनरावांच्या बैठकीत. गुरुवारी जेवणं उरकली की सगळी आळी तिथं जमायची, कारण त्या दिवशी संशयाची मालिका लागायची. दर गुरुवारी नवी गोष्ट, नवी माणसं, नवा खून. म्हाळू पत्र्यावर उभा राहून खालून ओरडतील तसा अँटेना फिरवायचा. एका गुरुवारच्या गोष्टीत बायको आजारी नवऱ्याला रोज दुधाचा पेला देते आणि नवरा दिवसेंदिवस खंगत जातो. शेवटाकडं ती इकडंतिकडं बघून कनवटीची पुडी काढते, दुधात टाकते, आणि तेवढ्यात लाइट गेली. ती दुसऱ्या दिवशीच आली. पण मत द्यायला लाइट कशाला लागते? "बायकोच हाय," मोहनराव अंधारात म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असणार.

त्यानंतर नवव्या दिवशी भिवराबाईंचा नवरा सुंदरराव गेला. सकाळपासून उघड्या अंगानं, तोंडाला फडकंही न बांधता कापसावर फवारणी करत होता. घरी आला तो थरथरत, तोंडाला फेस. विषावर दूध उतारा म्हणतात, म्हणून भिवराबाईंनी त्याला घाईघाईनं दूध पाजलं, आणि नेमकं तेवढंच मोठ्या जावेनं, आदिनाथच्या आईनं, साखराबाईंनी दारातून पाहिलं. दवाखान्यात नेईपर्यंतही तो टिकला नाही. पोलिसांची भानगड नको म्हणून घरच्यांनी तातडीनं अग्नी दिला. ना डॉक्टरनं तपासलं, ना कुठं कागद झाला. मग गावानं गुरुवारचंच मत उचललं आणि भिवराबाईंना चिकटवलं.

पोरबाळ नव्हतं. त्या मागच्या खोलीत एकट्या राहिल्या. आधी भांडल्या, मग रडल्या, मग दोन्ही सोडलं.

यंदा आदिनाथच्या बायकोला, मंजुषाला, मोबाइलवर तो भाग सापडला. सासूची नजर चुकवून काकींकडं चहा पिणारी घरात ती एकटीच. जुनी मालिका कुणीतरी सबंध चढवली होती. दोघींनी दार लावून बघितली. पुडीत वैद्यानं दिलेली मात्रा होती. विष घालत होता तो घरी सुई टोचायला येणारा कंपाउंडर. भिवराबाईंनी तो शेवट चारदा लावायला लावला.

मग मंजुषानं खाली लोकांनी लिहिलेली मतं वाचून दाखवली. एकानं कंपाउंडर पहिल्या पाच मिनिटांतच ओळखला होता. एकाला शेवट फालतू वाटला, पण संगीत झकास. नागपूरच्या कुणी लिहिलं होतं, लहानपणी आमचीही लाइट गेली होती, आज जीव भांड्यात पडला. आणि एका बाईनं लिहिलं होतं: 'बिचारी. घरातल्यांनी तिला एकदा तरी विचारायचं होतं.'

"हे परत वाच," भिवराबाई म्हणाल्या. मंजुषानं वाचलं. "तुझ्या सासूला, आक्काला दाखव हे. आक्का एकदा माझ्या हातचा च्या पिली की सगळं गाव पितंय बघ."

अर्धवट राहिलेल्या गोष्टीचा शेवट बघायला कोण नाही म्हणतं? रविवारी दुपारी पुढच्या खोलीत आदिनाथच्या मोठ्या टीव्हीसमोर काठी टेकत मोहनराव आले, मोतीबिंदू काढलेला म्हाळू आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या साखराबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या. भिवराबाईंनी आलं ठेचून चहा केला, चार कप आणून ठेवले आणि दाराशी बसल्या. जणू निकाल आजच लागायचा होता.

लागलाच म्हणा. कंपाउंडरच्या हातात बेड्या पडल्या आणि नावं सरकू लागली.

"ह्यो शेवट मागनं जोडलाय," मोहनराव म्हणाले. "त्या राती असा नव्हता."

"त्या राती शेवट बघितला कुणी?" मंजुषानं विचारलं.

"बघायला कशाला लागतंय? आमाला कळलंतं."

"कंपाउंडरनं कावून मारावं पण?" म्हाळूला वेगळीच अडचण होती. "त्याचं काय अडलंतं? पटत न्हाई. उगं पत्र्यावर उभा ऱ्हायलो मी."

ह्यांच्याकडून भिवराबाईंना काही नकोच होतं. त्या उठून खाटेपाशी गेल्या. "आक्का, तुमी बोला."

साखराबाई टीव्हीकडंच बघत होत्या. "ती सुटली," त्या म्हणाल्या. "तिचं सगळं दाखवलं त्यांनी. तुझं कोण दाखवणार?"

"मी सांगते की. फवारणीचं विष नाकातोंडात गेलतं त्यांच्या. दूध मी उताऱ्याला दिलतं."

"आज सांगतीस?"

"तुमी कवा विचारलंच न्हाई."

साखराबाई उशीवरून पुढं सरकल्या. "मंग मी काय केलं गं अडतीस वर्सं? माझ्या लेकरांना तुझ्या हातचं पाणी पिऊ दिलं न्हाई. तू तापानं फणफणत पडलीस तवा उंबऱ्यावर आले न्हाई. गावाला मीच सांगितलं, मी दारातून बघितलं म्हणून. आता माझे हात हालतेत, डोळ्याला दिसंना. कवा फेडू हे? वर जाऊन सुंदरला काय तोंड दाखवू?" त्यांनी भिवराबाईंचं मनगट घट्ट धरलं. "तू केलंच असशील, भिवरे. केलं असलंस तरच बरं हाय."

भिवराबाई भांडणाची तयारी करून आल्या होत्या, नकाराचीही केली होती. ह्याची नव्हती. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, आणि इथं जाळणारीच गळा काढून बसली होती. त्यांना असा संताप आला की मनगट हिसडून सोडवून घ्यावं. पण मनगटाला लागत होती ती म्हातारीच्या बोटांची निव्वळ हाडं, आणि ती सुटायला तयार नव्हती. संतापाच्या पाठोपाठ दया आली, आणि दोन्हींच्या खाली भयंकर थकवा होता. त्रेसष्टाव्या वर्षी धुतलेलं नाव घेऊन त्या कुणाच्या दारात जाणार होत्या?

"व्हय आक्का," त्या म्हणाल्या. "मीच घातलं. पुडी होती. आता निवांत ऱ्हावा."

साखराबाईंनी मनगट सोडलं. डोक्यावरचा भारा खाली टाकावा तसा त्यांनी श्वास टाकला, डोळे पुसले आणि उशीवर मान टेकली. दया त्यांनाही आलीच असावी, कारण "हुती एकदा चूक," असं त्या पुटपुटल्या.

"म्हणलतो का न्हाई बे म्हाळ्या!" मोहनरावांनी काठी आपटली. म्हाळूला ही गोष्ट लगेच पटली.

भिवराबाई गार झालेले कप गोळा करून अंगणात नळापाशी आल्या. पाठोपाठ मंजुषा आली. एवढी एक पोर सगळं जाणून होती. तिनं आपल्याबरोबर शेवट चारदा बघितला होता, ती मतं स्वतःच्या तोंडानं वाचली होती. म्हातारीला सुटका हवी होती म्हणून काकी खोटं बोलल्या, हे तिला सांगायची गरजच नव्हती. ती आता चिडेल, असं कावून बोललात म्हणून भांडेल, ह्याची भिवराबाई वाट बघत राहिल्या. त्या भांडणाचीच त्यांना आता आस होती.

"काकी," मंजुषा हळूच म्हणाली, "खरं का?"

भिवराबाईंनी नळ बंद केला. "तुला काय वाटतंय?"

मंजुषा खाली बघत उभी राहिली.