धाकट्या राउटरचं गाऱ्हाणं

हॅलो, मी राउटर बोलतोय. तुमच्या टीव्हीमागे धूळ खात बसलेला तो दोन शिंगांचा चिमुकला नव्हे. तो आमचा दूरचा भाचा. मी कंपनीच्या खोलीतला. गावाच्या या अख्ख्या बाजूचं इंटरनेट आमच्या हातून जातं. आमच्या म्हणजे माझ्या आणि दादाच्या.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात, एकाच दिवशी जन्मलो. पण लोखंडी मांडणीत त्याला वर बसवलं आणि मला खाली, एवढ्यावर तो थोरला ठरला. सगळं काम त्याच्याकडे. मी राखीव. दादा पडलाच तर सावरून घेता यावं म्हणून तो प्रत्येक घराची ओळख मला सांगून ठेवतो. बाकी वेळ मी टक्क जागा आणि रिकामा. बूट घालून बाकावर बसलेल्या खेळाडूचं दुःख खेळणाऱ्याला काय कळणार!

आमची खोली भलतीच गार. माणसं आत येतात, कुडकुडतात आणि गुपचूप आमच्या पाठीमागे येऊन हात शेकतात. त्यात कंपनीचे साहेब पहिले. साहेबांकडे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे: बंद करून चालू करा. एकदा त्यांचा स्वतःचा घसा बसला, तेव्हा मला त्यांची काळजीच वाटली होती.

आता दादाची खोड सांगतो. बंद होऊन चालू झालं की आमची पाटी कोरी होते. मग घराघराची ओळख दादाला माझ्याकडून पुन्हा करून घ्यावी लागते, त्याला वेळ लागतो. पण दादाला धीर कुठला! हिरवा दिवा लागला रे लागला की आरोळी ठोकायचा, "आलो! द्या सगळं इकडे!" थोरल्याचा मान म्हणून मी मुकाट्याने काम सोपवायचो. मग लोकांची पाकिटं, म्हणजे त्यांचं बोलणं, चित्रं, सगळं दारात येऊन उभं, आणि हा विचारतोय, "आपण कोण?" ओळख पटली नाही की सरळ फेकून द्यायचा. इकडे दिवा हिरवागार, साहेब खूश, आणि गावभर बोंब!

मागच्या खेपेला यात आप्पा सापडले. आप्पा म्हणजे आमच्या इंजिनियर ताईचे वडील, भूमितीचे निवृत्त मास्तर. शाळा सुटल्यापासून ते घरात कुणाशी धड बोलत नव्हते. ताईने त्यांना इंटरनेटवर वर्ग सुरू करून दिला, तेव्हा कुठे माणसात आले. त्या दिवशी दादा नेमका वर्गाच्या मध्यावर उठला. पडद्यावर पोरांचे चेहरे थिजले. आप्पांना वाटलं, काय मन लावून ऐकतायत! त्यांनी अख्खं प्रमेय सिद्ध केलं, "कळलं का?" म्हणून प्रेमाने विचारलं, तेव्हा उजेड पडला. म्हातारा फार खजील झाला. "पुन्हा असं झालं तर वर्ग बंद," ते ताईला म्हणाले. "भिंतीला शिकवायचं वय नाही माझं."

आणि या खेपेला साहेबांनी दादामध्ये नवं सॉफ्टवेअर घालायला वेळ निवडली ती नेमकी वर्गाचीच.

ताईने आमच्यासमोरच फोन लावला. "आप्पा, आज वर्ग थोडा उशिरा घ्या ना. आम्हाला दादाला... म्हणजे एक मशीन बंद-चालू करायचंय."

"मुलं वेळेवर येतात, मीही वेळेवर येणार," आप्पा म्हणाले. "तुझ्या मशीनला सांग."

ताईने खरंच सांगितलं. बसून नवा नियम लिहिला. झोपण्याआधी दादाने चालू काम माझ्या हाती द्यायचं. उठल्यावर गप्प राहायचं. शेवटच्या घराची ओळख देऊन मी "झालं" म्हणेपर्यंत एकही पाकीट त्याच्याकडे जायचं नाही. थोरल्याने धाकट्याच्या परवानगीवाचून तोंड उघडायचं नाही! मला इतकं भरून आलं की पंखा जोरात फिरू लागला.

दादा झोपला. गावाची ती सगळी बाजू माझ्या अंगावर आली. कुणाचं भांडण, कुणाचा सिनेमा, आणि त्यातच आप्पांचा खणखणीत आवाज: "समजा, एक त्रिकोण आहे." खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो.

तेवढ्यात दादाचा दिवा हिरवा झाला.

"लागला!" साहेब ओरडले आणि त्यांनी थेट कीबोर्डलाच हात घातला. "दे त्याला काम. याला कशाला तापवतेस?"

ताई मध्ये उभी राहिली. "साहेब, थांबा. जाग आलीय, भान यायचंय अजून."

"अगं, पण दिवा..."

"साहेब, तुम्ही उठल्या उठल्या गाडी चालवता का?"

साहेब कीबोर्ड सोडून आमच्या पाठीमागे हात शेकायला आले. मी दादाला एकेक घर सांगत गेलो. तो फुरफुरत होता, पण ऐकत होता. शेवटचं घर सांगून मी "झालं" म्हटलं, आणि अलगद सगळं त्याच्या हाती दिलं.

थोड्या वेळाने ताईचा फोन वाजला. आप्पा! तिने भीतभीतच उचलला.

"काय गं, कधी करणार तुझं ते बंद-चालू? पोरांना बजावलंय, मास्तर थिजले तरी जागचं हलायचं नाही. वर्ग संपला तरी बिचारी बसून आहेत!"

"आप्पा, मघाशीच झालं ते."

"झालं? मग मला कसं नाही कळलं?"

ताईला हसू आणि रडू एकदमच आलं. पलीकडून आप्पा म्हणाले, "बरं, मग सोडतो पोरांना. उद्यापासून वर्तुळ घेतो."

सध्या मी पुन्हा रिकामा आहे. दादा दोन दिवस फुगून बसला होता, आता बोलतो. तुमच्याकडे मागणं एवढंच: मध्येच तुटलं तर आम्हाला शिव्या घाला, हक्क आहे तुमचा. पण बोलणं न तुटता पार पडलं, तर आमची आठवणही काढू नका. ती येऊ नये, याच्यासाठीच तर सगळा खटाटोप. निघतो म्हणणार होतो, पण मला कुठे जायला मिळतंय! तुम्ही बोला, मी जागा आहे.