दुसऱ्या हाफचं गौडबंगाल

सोनारीचा फुटबॉल संघ लागोपाठ हरत होता आणि त्यामागचं गौडबंगाल धनाजीला ठाऊक होतं. निदान पारावर बसून तो तसं छातीठोकपणे सांगत असे. संघाचे मॅनेजर बब्रुवानअण्णा, पलटणीतून निवृत्त झालेले शिस्तीचे गृहस्थ, दर मॅचला हाफटाइम झाला की संघातल्या सगळ्यात तगड्या पोराला बाहेर काढत. तो पोरगा म्हणजे धनाजीचाच रणधीर. पहिल्या हाफात त्यानं गोल मारायचा आणि दुसऱ्या हाफात बाकीच्यांनी मॅच घालवायची, असं ठरूनच गेलं होतं.

"अण्णांची लेक ईट गावाला दिलीया. सोयऱ्यांना जिंकवायलेत," पारावरचा बलभीम म्हणाला.

"मग परंड्यासंगं का हरलो?" धनाजीनं विचारलं.

"तिथं पावणं नसतील व्हय?"

धनाजीला हे साफ पटलं. पोराला एकदा तरी शेवटपर्यंत खेळताना बघावं, एवढीच बिचाऱ्याची आस. ईटविरुद्धच्या मॅचच्या सकाळी त्यानं घरात जाहीर केलं, "आज समद्यांसमोर अण्णांचा राजीनामाच मागतो."

भाकरी थापता थापता त्याच्या बायकोचा, अयोध्याचा हात थांबला. "त्या देवमाणसाला बोल लावू नका. तुमची अब्रू राखलीया त्यांनी."

"माझी? म्या काय केलं?"

"काय केलं न्हाय, त्येच तर! हरणीची धार कोण काढतंय?"

हरणी ही घरची म्हैस, एक नंबरची नखरेल. रणधीरशिवाय कुणाला आचळाला हात लावू देत नसे. धनाजीला तिनं एकदा शेणात लोळवलं होतं, तेव्हापासून तो गोठ्याकडं फिरकला नव्हता. डेअरीची गाडी यायच्या आत दूध निघावं म्हणून रणधीर हाफटाइमला घरी पळे आणि बाप तिकडं मैदानात अण्णांच्या नावानं शिमगा करत बसे. आबा म्हशीला भितात हे गावाला कळू देऊ नका, अशी पोरानंच अण्णांना गळ घातली होती. अण्णांनी शब्द पाळला आणि शिव्या खाल्ल्या.

धनाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी हाफटाइमला रणधीर बाहेर आला, तर बाप त्याचीच जुनी, घामट जर्सी अंगात चढवून उभा.

"तू खेळ. हरणीकडं म्या बघतो."

"आबा, लाथ मारंल ती."

"मारू दे."

गोठ्यात धनाजी बादली घेऊन जपून हरणीजवळ बसला. हरणीनं मान वळवून जर्सी हुंगली. धनाजीनं पोरासारखी शीळ घातली आणि काय आश्चर्य, बाईसाहेबांनी पान्हा सोडला! एवढ्यात मैदानाकडून आरोळी उठली, "रणधीर! रणधीर!" धनाजीला पळत सुटावंसं वाटलं, पण हरणीनं डोळे वटारले तसा तो मुकाट बसला. डोळे भरून आले, तरी पुसायला हात मोकळा नव्हता.

सोनारी जिंकली. धनाजी पारावर आला, तेव्हा बलभीम सगळ्यांना समजावून सांगत होता, "ऐन वक्ताला धनाजी गायब? त्याची आत्या ईटला दिलीया. आपलं जिंकणं बघवलं न्हाय गड्याला!"

बब्रुवानअण्णा मिशीत हसले.

"व्हय," धनाजी खुशीत म्हणाला. "पुढल्या मॅचलाबी म्या थांबायचो न्हाय."