शुभ काम हाय, उजवाच दे!

हिरामणकाकांना सगळं कळतं. झेंडूवर कुठलं औषध मारायचं, गल्लीतल्या कुणाच्या मुलीनं कुणाशी लग्न करायचं, आणि आता नेमबाजीच्या रायफलीला कुठला स्टॉक बसवायचा, तेसुद्धा. रायफल त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती. पण तेवढ्यानं काका थोडेच अडणार!

स्टॉक म्हणजे रायफलीचा मागचा सांगाडा, खांद्याला आणि गालाला टेकतो तो. तो अंगाला बसला नाही, तर नेम गेलाच म्हणून समजा. काकांची पुतणी दीपमाला इतकी वर्षं क्लबच्या जुन्या लाकडी स्टॉकला गालाखाली फोमचा तुकडा चिकटवून भागवत होती. दसऱ्यानंतर राज्याच्या संघाची निवड होती, आणि वयोगटातली तिची ही शेवटचीच संधी. वडील गेल्यापासून घरात शब्द चालायचा तो काकांचा. म्हणून तिनं हव्या त्या स्टॉकचा फोटो त्यांनाच पाठवला. काका शेतातली फुलं विकायला पुण्याला निघालेच होते.

"मी पण येते," ती म्हणाली.

"तू येऊन काय करणार? मला डोळे हायेत ना!"

त्या डोळ्यांनी निवडून आणलेला स्टॉक लालभडक होता, जागोजागी सोनेरी स्क्रू.

"तुझा तो फोटोतला पार काळाकुट्ट व्हता. हा बघ, लय भारी! दुकानदार विचारतो, डावा देऊ का उजवा? म्हटलं, बाबा, शुभ काम हाय, उजवाच दे!"

दीपमाला जन्माची डावखुरी. लहानपणी डाव्या हातानं घास उचलला, की काकांची चापट बसायची. मग ती जेवायला, लिहायला, सगळ्याला मुकाट्यानं उजवा हात वापरू लागली. नेमबाजीच्या रेंजवर मात्र चापट मारायला कुणी नव्हतं, म्हणून रायफल आपसूक डाव्या खांद्याला गेली. घरात 'डावा' हा शब्द काढायची तिची छाती नव्हती. फोटोखाली 'डावखुऱ्यांसाठी' असं लिहिलंय, काका वाचतील, असं तिला वाटलं. काका आणि वाचणार! धन्य ती पोरगी.

खंडेनवमीला कोयते आणि फवारणीचा पंप यांच्या पंगतीत लाल स्टॉक विराजमान झाला. काकांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दीपमालानं उजव्या हातानं ओवाळलं, आणि मग ती न्हाणीघरात जाऊन रडली.

निवडीच्या दिवशी काका पहिल्यांदाच रेंजवर आले, पेढ्यांचा पुडा घेऊन, आपल्या स्टॉकची करामत बघायला. दीपमालानं पेटी उघडली. आत तोच क्लबचा जुना लाकडी, कुठल्याही खांद्याला चालणारा. काकांनी तोंड उघडायच्या आत तिनं रायफल डाव्या खांद्याला लावली. काका बघतायत हे तिला ठाऊक होतं. भीतीही वाटली. पण तिनं नेम धरला आणि चाप ओढला.

संघाच्या यादीत तिचं नाव अगदी शेवटी लागलं. पण लागलं.

काका पुडा धरून तसेच उभे. "मी तर तुझी ती सवय मोडली व्हती ना गं?"

"मोडली नव्हती, काका. मला घाबरवलं होतं नुसतं."

काकांना उत्तर सुचलं नाही. गावाकडं, मखमलाबादेत, हे कुणाला सांगितलं, तर खरं वाटणार नाही. त्यांनी पुड्याची दोरी सोडली. सवयीनं तिचा उजवा हात पुढे आला. तो तिनं मागे घेतला आणि डावा पुढे केला.

काकांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, ओळखीचं कुणी नाही ना याची खात्री करून घेतली. मग त्या हातावर पेढा ठेवला.