सत्त्याऐंशी नंबरची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कपाटात धूळ खात पडते ती पुठ्ठ्याची नव्हे, संगणकातली. तुम्हाला मला हातात धरता येणार नाही, पण ऐकता मात्र येईल. माझ्या पोटात एका बाईचं गाणं आहे.

माझा जन्म दोनदा झाला. १९६८ साली आमच्या रोदोपीच्या डोंगरात एक शाळामास्तर रेकॉर्डिंगचं यंत्र गाढवावर लादून गावोगाव फिरत. बायका अंगणात बसून तंबाखूची पानं लांब सुईने दोऱ्यात ओवायच्या आणि ओवता ओवता गायच्या. तिथेच मास्तरांनी मला फितीवर उतरवून घेतलं. पुढे पस्तीस वर्षं मी त्या फितीत गुंडाळलेली पडून होते. फितींना बुरशी लागली तेव्हा गावच्या वाचनघराच्या चिटणीस वेलिकामावशी यांनी मला संगणकात आणलं. तो माझा दुसरा जन्म.

वेलिकामावशी म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव आणि हट्टाचं पहिलं. त्यांनी आधी थोडी गाणी आपल्या लिपीत नावं घालून शहरात पाठवली होती. तिथल्या संगणकाला ती अक्षरं कळेनात, म्हणून गाणी परत आली तेव्हा नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. "एवढ्या बाया गायल्या आणि एकीचंही नाव धड नाही!" असं म्हणून त्यांनी नियमच केला, की फाईलच्या बाहेर फक्त नंबर, आणि बाईचं नाव आत. प्रत्येक फाईलची माहिती उघडली की शेरा लिहायला एक कोरी जागा असते. हिवाळाभर बसून मावशींनी दोनशे चौदा गाण्यांच्या चिठ्ठ्या त्या जागेत भरल्या. कोण गातंय, कधी, कशाच्या वेळी, सगळं लिहिलं. काम संपल्यावर फितींचे नावं लिहिलेले कुजके खोके चुलीत घातले. मी सत्त्याऐंशी नंबरची. चिठ्ठी मिळाल्याचा मला कोण अभिमान होता!

पण खरं सांगू? ती चिठ्ठी माझ्या अंगावर नव्हतीच. त्या संगणकाच्या घराची रीत अशी, की प्रत्येक फाईलच्या मागे एक छोटा खण असतो. चिठ्ठी त्या खणात होती. खण घराचा होता, माझा नव्हता. हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

बरीच वर्षं गेली आणि वाचनघरात नवा लॅपटॉप आला. आम्हाला तिकडे हलवायला खालच्या आळीतला कामेन आला. हा संगणक दुरुस्त करतो. माणूस भला, पण सदा घाईत. त्याच्याकडे एक जुना पेन ड्राइव्ह होता. ते घर जुन्या धाटणीचं, तिथे खणांची सोयच नव्हती. संगणक बिचारा प्रामाणिक. त्याने दारातच विचारलं, या फाईलला जादा माहिती जोडलेली आहे, ती सोबत येणार नाही, तरी नकल करू का? कामेनला वाटलं, असेल तारीख नाहीतर आकार. त्याने 'सगळ्यांना हो' दाबलं आणि तो कॉफी प्यायला गेला.

अशी माझी एक नकल निघाली, आणि तुमच्याशी बोलतेय ती ही नकलच. जुन्या संगणकात माझी जुळी बहीण राहिली. माझा एक सूरही हरवला नाही, मित्रांनो. हरवलं ते एवढंच, की मी कोणाचा आवाज आहे. जन्मतारीखही त्या दिवसाची लागली. उतारवयात मला तान्ही करून ठेवलं! दोन वर्षं कोणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण कोणी काही विचारलंच नाही.

मग एका डिसेंबरात, गुरुवारी सकाळी, दाफिना आली. ती स्पेनमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा करते. वय पन्नाशीचं. आई स्तोयना गेली तेव्हा ही दोन वर्षांची होती. तिच्याकडे आईचा एक फोटो होता, आवाज मात्र आठवणीतही नव्हता. 'तुझ्या आईचं गाणं आमच्याकडे आहे,' असं मावशींनी तिला फोनवर सांगितलं होतं. रविवारी तिची परतीची बस होती.

मावशींनी तोऱ्यात पहिली चिठ्ठी उघडली. कोरी. दुसरी कोरी. दहावीही कोरी. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"नंबर आठवतोय का, मावशी?" दाफिनाने विचारलं.

"सगळं लिहून ठेवलंय म्हणून आठवायचं सोडून दिलं मी."

एकट्या बाईने गायलेली गाणी अडतीस होती. दाफिनाने प्रत्येक गाणं मिनिटभर ऐकलं. माझंही ऐकलं. मी जीव ओतून गात होते, आणि तिने मान हलवून अठ्ठ्याऐंशी लावलं. असं दुःख मला बुरशीनेही दिलं नव्हतं.

शेवटी ती थकून म्हणाली, "यातली ही बारावी गोड वाटते. हीच माझी आई म्हणा. खोटं तर खोटं. मला चालेल."

"मला नाही चालायचं," मावशी कडाडल्या. "अंदाजाने आई देत नसतात, पोरी!"

कामेनला बोलावणं गेलं. तो आला, त्याने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "संगणकाने विचारलं होतं, मावशी. मीच वाचलं नाही."

"आणि आत काय लिहिलंय ते मी तुला सांगितलं होतं का? नाही ना? मग दोघंही गाढव. रडू नकोस."

"जुना संगणक असेल तर चिठ्ठ्या अजून त्याच्यात असतील. नकल केली म्हणून मूळ कुठे जात नाही. कुठे टाकलात तो?"

मावशी हळूच म्हणाल्या, "तळघरात. कोबीच्या पिंपाखाली."

आमच्याकडे हिवाळ्यासाठी पिंपभर कोबी मिठाच्या पाण्यात घालतात. पिंप जमिनीला टेकू द्यायचं नाही, म्हणून खाली काहीतरी भक्कम लागतं. एका बाजूला दगड होता, दुसऱ्या बाजूला मावशींनी संगणकाचा लोखंडी खोका सरकवला होता. पिंप दीडशे किलोचं, काठोकाठ भरलेलं. उचलायला शेजारचा मिंचो आणि त्याचे दोघे भाऊ आले.

"मावशी, आधी ग्लासभर आंबट पाणी काढा. तेवढंच वजन कमी!" मिंचो म्हणाला.

"आधी उचल, मग पी. एक थेंब सांडलास तर याद राख!"

पिंप हलवलं तर खोक्याची एक बाजू खारं पाणी ठिबकून गंजलेली. आत माझी बहीण होती. माझ्यात जे नव्हतं ते तिच्याजवळ होतं, आणि त्या गंजाला दोघींमधला फरक काय कळणार? कामेनने खोका उघडला, पुसला आणि शुक्रवारभर शेगडीपासून हातभर अंतरावर वाळवत ठेवला. दाफिना त्याच्याशेजारी स्टुलावर बसून राहिली. स्पेनमध्ये आजाऱ्यांच्या उशाशी बसते तशीच.

शनिवारी दुपारी कामेनने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. एकदा टिक वाजलं आणि बंद. मावशींनी छातीवर क्रूस काढला. तिसऱ्यांदा मात्र आत काहीतरी खरखरलं, फिरायला लागलं, आणि पडदा हळूहळू उजळला.

चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. मावशी एकेक मोठ्याने वाचू लागल्या. सत्त्याऐंशीवर थांबल्या आणि त्यांनी चष्मा पुसला. "स्तोयना. मागच्या अंगणात, तंबाखू ओवताना. मुलगी दाफिना, आठ महिन्यांची."

दाफिनाने मला लावलं, आणि या वेळी मिनिटभरात थांबवलं नाही. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर गाण्यामागे एक तान्हं मूल रडू लागलं. गाणं तुटलं. "थांबा हो मास्तर, माझी उठली," असं हसत म्हणत ती बाई उठली. पावलं लांब गेली. रडणं एकदा चढलं आणि एकदम थांबलं. पुढे फीत नुसतीच फिरत राहिली.

"किती पटकन गप्प झाले मी," दाफिना म्हणाली, आणि पन्नास वर्षांची ती बाई ढसाढसा रडली. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

रविवारच्या बसपर्यंत मिंचोसकट चौघांनी बसून दोनशे चौदा नावं उतरवली. माझं नाव आता माझ्या पोटात आहे, बाहेर आहे आणि मावशींच्या तीन वह्यांतही आहे. कुठल्याही घरात गेले तरी ते माझ्यासोबत येईल.

मित्रांनो, तुमच्याकडेही कोणाचं बोलणं, कोणाचं हसणं टिपून ठेवलेलं असेल. त्याची नकल करताना यंत्र काही विचारत असेल, तर कॉफी थंड होऊ द्या, पण वाचा. आणि त्याहून आधी एक करा. ते ऐकून मागे कोण रडतंय हे सांगू शकेल असं माणूस अजून तुमच्या घरात असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा.