राहिलेला ‘ने’

"तुमीच हुंगा की!" बाणूबाईनं पाण्याचा तांब्या नवऱ्याच्या नाकाशी नेला. इरप्पानं तोंड फिरवलं.

"मला काय दावायलीस? मला म्हाईत न्हाई व्हय?"

माहीत नसायला काय झालं! गावाबाहेरच्या औषध कंपनीत पिंपं धुण्यात त्याची अठरा वर्षं गेली होती. धुतलेलं पाणी शेडमागच्या चरातून ओढ्याला लागायचं, आणि ओढ्याच्या काठालाच गल्लीची विहीर. तीन वर्षं झाली, विहिरीचं पाणी तोंडाजवळ नेववत नव्हतं. गल्ली कंपनीला शिव्या घालायची आणि इरप्पा मान खाली घालून भाकरी मोडायचा. बोलणार कसा? काम कंत्राटी, दरवर्षी नव्यानं सही.

"आज शाळेत कंपनीच्या मॅडम यायल्यात न्हवं, गावाला आदी काय पायजे ते इचारायला?" बाणूबाई म्हणाली. "लिवायला तुमालाच बसिवल्यात. मग एकच लिवा. वास."

इरप्पाला बसवलं होतं, कारण त्याची सातवीपर्यंतची शाळा कानडी आणि घरचं बोलणं मराठी. बेंगळुरूच्या पवित्रा मॅडमना मराठीचा गंध नव्हता, आणि त्यांचं झरझर कानडी अर्ध्या गल्लीच्या डोक्यावरून जायचं.

शाळेच्या वऱ्हांड्यात भला मोठा कागद अंथरला होता. त्यावर चौकोन: शाळा, झाडं, दवाखाना. प्रत्येकाला पाच चिंचोके दिले. ज्याला जे मोठं वाटेल, त्यात टाकायचे.

"अण्णा, आणखी काही राहिलंय का?" मॅडमनं कानडीत विचारलं.

खुर्चीवर शेडचे मृत्युंजय साहेब बसलेले. इरप्पाला दरदरून घाम फुटला. पण भिंतीकडेला बाणूबाई डोळे वटारून उभी होती. त्यानं रिकाम्या चौकोनात ठळक कानडी अक्षरं काढली: वास.

"लिवलं बगा," तो गल्लीला म्हणाला, आणि चिंचोक्यांचा खच पडला. शेजारच्या चंद्रम्मानं तर पाचच्या पाच त्यातच ओतले.

"एवढ्या लोकांची हीच अडचण?" मॅडम चकित झाल्या.

"हीच, मॅडम."

साहेबांनी एकदा कागदाकडं, एकदा इरप्पाकडं पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

त्या दिवशी इरप्पा एक भाकरी जास्त जेवला. "अठरा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं बग," तो बायकोला म्हणाला. त्याला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

दसऱ्यानंतर गल्लीत टेम्पो आला. त्यातून उतरले रंगाचे डबे. दोन दिवसांत सगळ्या घरांच्या भिंती पिवळ्याधमक आणि दारं निळी झाली. गल्लीच्या तोंडाशी कंपनीची कानडी पाटीही लागली. मग मॅडम आल्या, गुळगुळीत कागदाचं पुस्तक घेऊन. त्यात आडव्या-उभ्या रेघांचं एक चित्र होतं. कंपनीला काय महत्त्वाचं ते आडव्या रेघेवर, लोकांना काय ते उभ्या रेघेवर. सगळ्यात वरच्या कोपऱ्यात एक मोठा ठिपका.

"बघा अण्णा, तुमचाच मुद्दा पहिला! वास. घरं बांधून देणं यंदाच्या पैशांत बसलं नाही, पण रंग तरी दिला."

इरप्पाला आधी उमजलंच नाही. मग त्यानं ठिपक्याशेजारचा शब्द पुन्हा वाचला. कानडीत वास म्हणजे राहणं, घर. नाकाला येते ती वासने. त्यानं मराठी शब्द तसाच कानडी अक्षरांत उतरवला होता. एक ‘ने’ राहिला होता.

"मॅडम, ते..." तो म्हणेपर्यंत मॅडम फोटोसाठी चंद्रम्माच्या दारात पोचल्या होत्या, आणि तिथून परस्पर गाडीत बसल्या.

तो शेडवर गेला. मृत्युंजय साहेब भालकीकडचे, घरी मराठीच बोलणारे.

"साहेब, तुमाला त्याच दिवशी कळलं हुतं."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. "कळलं होतं."

"मग बोलला न्हाईत कामून?"

"अन् तू अठरा वर्षं कामून बोलला न्हाईस?"

"पुन्हा कवा इचारतील?" इरप्पानं विचारलं.

"तीन वर्षानं," साहेब म्हणाले. त्यांचाही आवाज थकलेलाच होता.

बाणूबाईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अवो, शिकलेलं मानूस तुमी! एका अक्षरात गल्ली बुडवलाव!" तिला हसू आवरेना आणि रडूही. इरप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी, दारांचा उरलेला निळा रंग घेऊन तो गल्लीच्या तोंडाशी गेला. पाटीवर लिहिलं होतं, या गावाची पहिली गरज: वास. त्यानं पुढं ‘ने’ काढला. अक्षर जाडं आणि वाकडं आलं.

मागं घागर घेऊन बाणूबाई उभी होती. तिला अक्षरओळख नव्हती. "काय लिवलाव?"

"वास."

"त्ये तर आदीच हुतं की."

"आदी न्हवतं."

तिनं त्याच्या हातांवर पाणी ओतलं. वासानं दोघांनीही तोंडं फिरवली. नखांतला निळा रंग काही निघेना. तसाच तो सायकलवर बसला आणि कामाला गेला.