रेनकोटाखालचा लाल दिवा

मित्रांनो, मी एका सायकलच्या पाठीमागचा जुना लाल दिवा आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे, पण उजेड देण्यात मी कुणाला हार जाणार नाही. त्या संध्याकाळी मात्र जे घडलं, ते आठवलं की अजून मला कापरं भरतं.

माझी मालकीण नर्स आणि तिचा नवरा शिंपी. ओल्या गणवेशात तिला रुग्णांसमोर उभं राहावं लागतं, हे त्याला बघवेना. म्हणून त्याने तिला सायकलवर बसवून, कॅरिअरवरच्या पिशवीसकट माप घेतलं आणि एक ऐसपैस काळा रेनकोट शिवला. काय ती शिलाई! एक टाका वाकडा नाही.

"आता पावसाची काय बिशाद!" तो म्हणाला.

"अहो, तंबूच शिवलात की!" ती हसली.

निघताना त्याने रोजच्यासारखं विचारलं, "मागचा दिवा लावलास ना?"

"लावला हो!"

खरंच लावला होता. पण ती सीटवर बसली, रेनकोटाचा घोळ माझ्यावर पडला आणि सगळा काळोख झाला. दिव्याखाली अंधार असतो, हे मी ऐकून होतो. इथे अंधाराखाली दिवा होता, आणि तो मीच! ओरडावं म्हटलं, तर दिव्याला तोंड कुठलं?

पाऊस मुसळधार, रस्ता गाड्यांनी भरलेला. पाण्याने भरलेला खड्डा चुकवायला ती जरा रस्त्याच्या मधल्या बाजूला वळली, तोच मागून ब्रेकची किंकाळी आली. बस थांबली ती वीतभरावर. तिच्या इंजिनाची धग मला कापडातून लागली.

ड्रायव्हर धावत खाली उतरला. "ताई, दिसलाच नाहीत हो तुम्ही! दिवा नाही का लावायचा?"

"लावलाय! हा काय!" असं म्हणत तिने घोळ उचलला.

मी लख्ख पेटलेला होतो. दोघंही माझ्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं, तेव्हा शिंप्याचा चेहरा पांढराफटक पडला. "माप मीच घेतलं होतं," एवढंच तो बोलला. त्याने कात्री उचलली आणि घोळ कापून टाकला. इतक्या वर्षांत त्याचा हात कधी चुकला नव्हता, पण त्या दिवशी कापड वेडंवाकडं कापलं गेलं. मग त्याने खोलीतला दिवा मालवला, तिला रेनकोट घालून सायकलवर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला.

"दिसतोय," तो म्हणाला आणि मटकन खाली बसून रडू लागला.

मित्रांनो, दिव्याची काच पुसा, ब्रेक तपासा, पावसात सायकल हळू चालवा. पण निघण्याआधी घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा आणि विचारा, "दिवा दिसतोय का?" नुसतं "लावलास ना?" विचारून भागत नाही. आमच्या घरी ते रोज विचारलं जात होतं.