काच निवली होती

"पास झाली! काच पास झाली!" तपासणीच्या खोलीबाहेर कामगारांचा एकच गलका झाला. मालाची घाई सुरू झाल्यापासून त्या कारखान्यात भिंगं सटासट नापास होत होती, म्हणून मालकांनी नेत्रगुरूंना बोलावलं होतं. त्यांनी नापास भिंग पितळी ताटलीत ठेवून तासभर मंत्र पुटपुटला होता.

"काच म्हणजे डोळाच की!" नेत्रगुरू गरजले. "रुसली होती, मी समजूत काढली. मग माणसाच्या डोळ्याचं काय घेऊन बसलात?"

तपासणीचं यंत्र चालवणाऱ्या ताईने निकालाच्या कागदावर सही केली आणि तो घरी नेला. तिचे वडील, अप्पा, इथेच चाळीस वर्षं भिंगं घासून निवृत्त झाले होते. त्यांना काचबिंदू होता.

"तुझं यंत्र खोटं नाही बोलायचं," अप्पा म्हणाले आणि नेत्रगुरूंच्या मंत्रावर विसंबून त्यांनी डोळ्यांत औषध घालणं सोडलं. ताईनेही अडवलं नाही.

चार महिन्यांनी अप्पा दारावर आदळले. डॉक्टर म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही. थेंब चालू असते, तर होती तेवढी टिकली असती."

दवाखान्याच्या धावपळीत एक नापास भिंग ताईच्या टेबलावरच राहिलं होतं. सकाळी तिने सहज यंत्राला लावलं. पास! ना ताटली, ना मंत्र. केस वाळवायच्या यंत्राने तिने त्यावर गरम हवा मारली. नापास. तासभर तसंच ठेवलं. पुन्हा पास.

नेत्रगुरू आले, तेव्हा तिने सगळ्यांदेखत दोन गरम भिंगं घेतली. एक त्यांना दिलं, दुसरं रिकाम्या कपाटात ठेवलं. तासाने दोन्ही पास.

"माझी कृपा कपाटातही पोचली!"

"मग हे बघा." तिने त्यांच्याच भिंगावर गरम हवा सोडली. नापास. "काच तापली की किंचित फुगते, प्रकाश वेगळा वाकवते. निवली की आकडे जागेवर येतात. एवढंच."

नेत्रगुरूंनी ताटली काखोटीला मारली.

घरी तिने अप्पांना सगळं सांगितलं.

"काच न निववता यंत्राला लावलीस?" त्यांनी विचारलं.

"धुतलेली भिंगं गरम वाळवणीतून काढून आम्ही लगेच लावायचो, अप्पा. घाई होती."

"आम्ही रात्रभर ठेवायचो गं. मला ठाऊक होतं. मी विचारलंच नाही."

ती हुंदके देऊ लागली. तिचे डोळे पुसायला अप्पांनी हात पुढे केला. तो तिच्या कानाला लागला.

दुसऱ्या दिवशी तिने कामगारांना गोळा केलं. "कागदावर सही माझी होती," ती म्हणाली. "कुणी चमत्कार दाखवला, तर तो त्या माणसावाचूनही होतो का, ते आधी बघा. आणि बघून होईपर्यंत औषध थांबवू नका."